मदत हवी आहे: पडक्या पाणचक्कीचा काळ कसा ओळखायचा?

नमस्कार मंडळी,

ओढ्याकाठच्या एका पडक्या पाणचक्कीची नोंद करतोय. छप्पर गेलंय, चाकाचं लाकूड कधीच कुजलंय. उरल्यात भिंती, कोरडा पाट आणि गवतात पडलेली जात्याची वरची तळी. काल दोघांनी मिळून पहार घालून ती उलटवली. मधल्या भोकाजवळच्या खाचा अजून बोटाला लागतात, कडेला मात्र दगड अगदी गुळगुळीत. शेवटची टाकी लावल्यावरही, म्हणजे खाचा पुन्हा कोरल्यावरही, बरंच दळण झालं असणार.

भिंतीवर चाक घासून उमटलेल्या कमानीसारख्या रेघा आहेत. म्हणजे चाक उभं होतं, आडवं नव्हे, आणि रेघांवरून व्यासही काढता येईल. पण पाणी वरून पडायचं की खालून ढकलायचं? मला हाच प्रश्न कळीचा वाटतो. इंग्रज अभियंता जॉन स्मीटनने १७५९ मध्ये प्रयोगांतून दाखवलं होतं की वरून पाणी घेणारं चाक खालून ढकललेल्या चाकाच्या साधारण दुप्पट काम देतं. इथल्या पाटाचा शेवटचा टप्पा वेगळ्या दगडात बांधलाय. पाणी वरून पाडण्यासाठी तो मागाहून उंचावला असेल का?

तळीवरून काळ ठरवायला मन धजत नाही, तळ्या झिजल्या की बदलतात. मग भरवसा कशावर ठेवू? चुन्यावर, चिऱ्यांच्या घडणीवर, की जुने जमिनीचे नकाशे आणि पाण्याच्या हक्काचे कागद आधी शोधू? असं काम कुणी केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. पावसाळ्यात ओढ्याकडची भिंत टिकेल असं वाटत नाही, त्याआधी मापं घ्यायची आहेत.