बसल्या जागी काढलेली चित्रं: तुमचे अनुभव लिहा

गणपतीच्या आधीची झाडलोट करताना माळ्यावर जुनी ड्रॉइंगवही सापडली आणि झाडू तसाच राहिला. एका पानामागं लिहिलंय, देसूर स्टेशन, मे १९९८. बेळगावच्या टिळकवाडीतनं सायकलनं जायची मी तेव्हा. दुपारी तिथं चिटपाखरू नसायचं, नुसते तापलेले रूळ. बाकावर एक आजोबा दुधाच्या रिकाम्या किटल्या घेऊन बसलेले, त्यांनाच काढायला घेतलं. त्यांच्या लक्षात आलं तसं म्हणाले, "मी हललो तर बिघडंल न्हवं गं पोरी?" आणि मग तोंडावरची माशीसुद्धा हाकलली नाही, पाऊण तास! वहाणेचा अंगठा तुटलेला, तिथं सुतळीचे तीन वेढे, ते मी इतके मन लावून काढलेत आणि चेहरा अर्धाच, कारण गाडी आली. चित्र त्यांना द्यायचं राहिलं, ते अजून सलतं. तुमचंही असं काही असेल तर लिहा.

खानापूरकर: देसूर म्हणजे आमच्या आत्याचं गाव! तिच्याकडं नवा तांदूळ शिजला की गल्लीभर वास. मी चित्रं काढत नाही, मलप्रभेच्या घाटावर नुसता बसतो, चालेल का?

वडगावची सून: चालतंय की ओ. आमच्या घरी माग होता. सासूबाई विणताना काढायचं ठरवलं, पण धोटा असा पळतो की हात दिसतच नाही, कागदावर नुसता फराटा. शेवटी त्या जेवायला उठल्या तेव्हा रिकामा माग काढला. बघून म्हणाल्या, "यात मी कुठाय?" म्हटलं उद्या काढते. ते उद्या काही आलं नाही, त्या जाऊन सहा वर्षं झाली. मागावर त्यांचा चष्मा ठेवलेला तेवढा आलाय चित्रात.

निपाणीकर: ताई 🙏 चष्मा आलाय ना, मग त्या आहेत.

किल्ल्याजवळची: मी कमल बस्तीत जाते, आठवड्याच्या मधल्या वारी, सकाळी. १२०४ सालचं देऊळ, छताला उलटं दगडी कमळ, वर बघून बघून मान धरते. मग पर्समधला आरसा मांडीवर ठेवला आणि त्यात बघून काढलं, जमलं. शेजारी एक कन्नड आजी बसलेल्या, "चलो ऐतिरी", म्हणजे छान झालंय, म्हणाल्या आणि हातावर शेंगदाणे ठेवले. बाकी एक शब्द नाही, तासभर दोघी तिथंच.

शहापूरचा: आपल्या गावात चित्रकार के. बी. कुलकर्णी सर होऊन गेले, चित्रकार रवी परांजपे त्यांचेच विद्यार्थी. पोरांना हे शाळेत सांगायला पाहिजे राव. बरं, पावसात वॉटरकलर कसं करता? माझा वॉश, म्हणजे खालचा पातळ रंग, अर्धा तास वाळत नाही, वरचा रंग खाली उतरतो.

किल्ल्याजवळची: पावसाळ्यात पेन्सिलच. आणि ऊन असेल तेव्हा सावली आधी काढून ठेवायची, ती थांबत नाही.

खानापूरकर: आजोबांचा चेहरा आता पुरा करा ना, आठवत असेल की.

वडगावची सून: नको हो! तसंच राहू दे.

धागाकर्ती: कुकर लावून आले. चेहरा खरंच आठवत नाही, किटलीच्या कडीवरची बोटं आठवतात. रविवारी वही घेऊन देसूरला जाणार आहे, तोच बाक असला तर बसेन. कोण येतंय?

शहापूरचा: मी. सकाळी ना? दुपारी दोनला शिफ्ट आहे.

निपाणीकर: मला लांब पडतंय. येताना कुणीतरी कुंदा घ्या आणि फोटो तरी टाका.