भयपटांची ‘फ्रँचायझी’ आणि कॉमिक्सचे ‘रूपांतर’ : नेमके शब्द कोणते?

प्रश्न (धरमपेठ)

भयपटांच्या फ्रँचायझी सरस की कॉमिक्सवरून निघालेले चित्रपट सरस, हा वाद नागपुरातील आमच्या चित्रपटप्रेमी मंडळींमध्ये सध्या चांगलाच पेटला आहे. तो ऐकताना माझ्या ध्यानात आले की हा मतभेद जितका आवडीनिवडीचा आहे, तितकाच शब्दांचाही आहे. ‘हॅलोवीन’चा तिसरा भाग त्या मालिकेत धरायचाच नाही, असे एक जण ठासून सांगतो, बॅटमॅनच्या ‘द डार्क नाइट’ला रूपांतर म्हणणे चूक आहे, असे दुसरा म्हणतो, आणि समोरचा प्रत्येक वेळी तोच शब्द वेगळ्या अर्थाने धरून उत्तर देतो. आम्हाला या चित्रपटांवर मराठीत टिपणे लिहून सभासदांना वाटायची आहेत. तेव्हा ‘फ्रँचायझी’ला मालिका, शृंखला, साखळी यांपैकी काय म्हणावे आणि ‘रूपांतर’ हा शब्द कुठवर ताणावा, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे. मूळ शब्द ठेवायला माझी हरकत नाही. मात्र चालण्यासारखा मराठी शब्द हाताशी असताना तो टाळणे मला पटत नाही.

उत्तर (महाल)

‘शृंखला’ आधी बाजूला ठेवावी, असे मला वाटते. आपल्या शहरात हिंदी सतत कानावर पडत असल्यामुळे हा शब्द सहज तोंडात येतो. परंतु मराठी वाचकाला शृंखला म्हटले की प्रथम बेडी आठवते. ‘साखळी’चेही तसेच आहे. साखळी सामने, साखळी उपोषण, दुकानांची साखळी इतके अर्थ तिने आधीच वाहिलेले असताना तिच्यावर आणखी एक ओझे टाकण्यात लाभ नाही. उरतो तो ‘मालिका’ हा शब्द. तो दूरचित्रवाणीने बळकावला असला, तरी ‘चित्रपटमालिका’ असा जोडशब्द केला की घोटाळा राहत नाही.

तथापि, खरा प्रश्न त्यापुढे सुरू होतो. माळेतले मणी वेगवेगळे असू शकतात, पण दोरा एकच असावा लागतो. ‘हॅलोवीन’च्या बाबतीत हा दोरा कोणता, ते पाहा. १९७८मध्ये जॉन कार्पेंटरने पहिला चित्रपट केला आणि मुखवटा घातलेला खुनी मायकल मायर्स प्रेक्षकांच्या मनात घर करून बसला. १९८२च्या तिसऱ्या भागात मात्र हा मायकल कथेतून पार नाहीसा झाला, कारण दर वेळी हॅलोवीन या सणाभोवतीची एक स्वतंत्र गोष्ट सांगावी, असा कर्त्यांचा विचार होता. तो प्रेक्षकांना रुचला नाही आणि १९८८च्या चौथ्या भागाने मायकलच्या परतण्याची वर्दी थेट शीर्षकातच दिली. पुढे २०१८मध्ये पहिल्याच चित्रपटाचे नाव घेऊन आणखी एक चित्रपट आला. त्याने १९७८ची कथा तेवढी खरी मानली आणि मधले सगळे भाग घडलेच नाहीत, असे धरून चालला. कथानक हा दोरा मानला, तर तो इथे एकदा नव्हे, अनेकदा तुटलेला आहे.

‘फ्रायडे द थर्टीन्थ’मध्ये तर नाव आणि पात्र यांचीही फारकत झाली. पुढच्या भागांतला खुनी जेसन, पण १९८०च्या पहिल्या चित्रपटातले खून त्याची आई करते. जेसनचा तो सुप्रसिद्ध हॉकीचा मुखवटा तिसऱ्या भागात, म्हणजे १९८२मध्ये येतो. पुढे पात्राचे हक्क दुसऱ्या कंपनीकडे गेले, पण मूळ शीर्षक त्यांच्यासोबत गेले नाही. म्हणून १९९३च्या चित्रपटाच्या नावात जेसन आहे, ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ नाही. जे कधी कथेने, कधी मुखवट्याने, तर कधी निव्वळ नावाने बांधलेले असते आणि ज्याच्या मुळाशी कायदेशीर हक्क असतो, त्याला मालिका म्हणणे अपुरे आहे. फ्रँचायझी या शब्दात हक्काचा अर्थ मुळातच आहे आणि दुकानांमुळे व क्रिकेट संघांमुळे तो मराठीत पुरता रुळलेलाही आहे.

म्हणून माझे मत असे : कथा पुढे सरकत असेल तिथे ‘चित्रपटमालिका’, आणि हक्काखाली चाललेल्या संपूर्ण पसाऱ्याला ‘फ्रँचायझी’. तुमच्या मित्राचे म्हणणे मग एका वाक्यात मांडता येते : ‘हॅलोवीन’चा तिसरा भाग फ्रँचायझीत आहे, मालिकेत नाही.

उत्तर (सदर)

काकांच्या शेवटच्या वाक्याने आमच्याकडचे निम्मे भांडण मिटेल. मला ‘कॉमिक्स’बद्दल थोडे विचारायचे आहे. ‘मी एक कॉमिक्स वाचले’ असे आपण सर्रास म्हणतो. मूळचे अनेकवचन मराठीने एकवचन करून टाकले आहे. टिपणात ‘कॉमिक’ लिहावे की ‘कॉमिक्स’? की ‘चित्रकथा’ लिहिणेच शुद्ध?

उत्तर (महाल)

‘कॉमिक्स’ असेच लिहावे. इंद्रजाल कॉमिक्समधून ज्यांनी वेताळ आणि मँड्रेक वाचले, त्या पिढीने हा शब्द असाच घडवला आहे आणि तो आता आपला झाला आहे. ‘चित्रकथा’ वाईट नाही. परंतु चित्रे घातलेल्या कोणत्याही गोष्टीला तो शब्द लागू होतो. चौकटींमागून चौकटी आणि पात्रांच्या तोंडाजवळचे फुगे हा जो कॉमिक्सचा विशेष आहे, तो त्यातून कळत नाही.

उत्तर (धंतोली)

‘रूपांतर’ या शब्दाबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे, कारण या शब्दाला मराठीत स्वतःचा इतिहास आहे आणि तो विसरून चालणार नाही. देवलांनी ‘ऑथेल्लो’चे ‘झुंझारराव’ केले किंवा पु. लं.नी ‘पिग्मॅलियन’ची ‘ती फुलराणी’ केली, तेव्हा नावे, गावे, बोली, रीतिरिवाज असे सारेच बदलले आणि तरी मूळ कृतीचा सांगाडा ओळखू आला. आपल्याकडे रूपांतर म्हणजे परक्या कृतीने इथल्या मातीत घेतलेला जन्म. भयपटातले उदाहरण हवे असेल तर १९९३चा ‘झपाटलेला’ घ्यावा. १९८८च्या ‘चाइल्ड्स प्ले’मध्ये मरणारा गुन्हेगार दुकानातल्या बाहुल्यात शिरतो; महेश कोठारे यांच्या चित्रपटात तात्या विंचू बाबा चमत्काराकडून मृत्युंजय मंत्र मिळवतो आणि बोलक्या बाहुल्याच्या शरीरात येतो. तो बाहुला रामदास पाध्ये यांनी घडवलेला. शब्दभ्रमकाराचा बोलका बाहुला मराठी प्रेक्षकाच्या आधीपासून ओळखीचा होता, म्हणून त्याचे डोळे फिरले की भीती वाटते आणि तो बोलू लागला की हसूही येते. याला प्रेरणा म्हणा वा रूपांतर म्हणा, पण नक्कल म्हणणे अन्यायाचे होईल.

आता ‘सिन सिटी’ पाहा. २००५च्या या चित्रपटात फ्रँक मिलरच्या कॉमिक्समधल्या कितीतरी चौकटी प्रकाश-अंधारासह जशाच्या तशा पडद्यावर आल्या आहेत. मिलरला सहदिग्दर्शकाचे श्रेय मिळावे यासाठी रॉबर्ट रॉड्रिग्ज दिग्दर्शकांच्या संघटनेतून बाहेर पडला. हे मला रूपांतरापेक्षा भाषांतराच्या जवळचे वाटते. उलट २००९च्या ‘वॉचमेन’ने कथा जवळजवळ तशीच ठेवूनही शेवट बदलला : कॉमिक्समध्ये न्यूयॉर्कवर एक अवाढव्य, अनेक सोंडांचा प्राणी येऊन पडतो, तर चित्रपटात संहाराचा आळ डॉक्टर मॅनहॅटन या अतिमानवी पात्रावर येतो. हे सरळ रूपांतर होय. ‘द डार्क नाइट’ या दोन्हींत बसत नाही, कारण त्याच्यामागे कोणतेही एकच कॉमिक्स नाही. पात्रे आणि त्यांचे जुने वैर घेऊन कथा नव्याने रचली आहे. अशा चित्रपटाला ‘बॅटमॅनच्या कॉमिक्सवर बेतलेला’ म्हणावे. ‘बेतणे’ हे शिंप्याचे क्रियापद आहे. अंगाच्या मापाने कापड बेततात, तसे पात्राच्या मापाने कथानक बेतता येते.

उत्तर (सक्करदरा)

ताई, आपले विवेचन पटले. एक भर घालतो. ‘भयपट’ या शब्दाखाली आपण फार निरनिराळ्या गोष्टी एकत्र कोंबतो. नाट्यशास्त्रात भयानक रसाचा स्थायीभाव भय आहे आणि बीभत्साचा जुगुप्सा. ‘सॉ’मधली छळाची यंत्रे पाहताना मान फिरवावीशी वाटते ती मुख्यतः किळसेमुळे, ‘द कॉन्ज्युरिंग’मध्ये कपाटातून टाळी वाजते तेव्हा जे वाटते, त्याला आमच्या वऱ्हाडीत ‘भेव’ म्हणतात. टिपणात हा भेद केला, तर ज्यांना रक्तपात सोसत नाही त्यांना तरी आधी कळेल. शिवाय तुमचे दोन पक्ष वाटतात तितके दूर नाहीत : १९९८चा ‘ब्लेड’ हा कॉमिक्समधल्या पात्राचा चित्रपट आहे आणि रक्तपिपासूंचा भयपटही, आणि २००२चा ‘स्पायडर-मॅन’ करणारा सॅम रायमी ‘द इव्हिल डेड’मधून पुढे आलेला आहे.

प्रश्नकर्ता (धरमपेठ)

सर्वांचा आभारी आहे. ‘फ्रँचायझी’, ‘चित्रपटमालिका’, ‘रूपांतर’ आणि ‘बेतलेला’ हे चारही शब्द या अर्थांनी वापरायचे मी ठरवले आहे. ‘रिबूट’चा प्रश्न राहतो. स्पायडर-मॅन २००२, २०१२ आणि २०१७ अशा तीन वेळा नव्या नटासह नव्याने सुरू झाला. ‘नवी आवृत्ती’ म्हटले तर चालेल का? पोळ्यानंतर मिरवतात त्या आपल्या मारबतीच्या पुतळ्याचेच पाहा ना : दर वर्षी नवी घडवतात, दर वर्षी जाळतात, आणि यंदाची मारबत गेल्या वर्षीची गोष्ट पुढे नेत नाही. शिवाय ‘प्रीक्वेल’ला, म्हणजे आधी घडलेली गोष्ट मागाहून सांगणाऱ्या चित्रपटाला, कोणी ‘पूर्वरंग’ सुचवला आहे, तो कसा वाटतो?

उत्तर (महाल)

‘नवी आवृत्ती’ चालेल. मात्र २०१८च्या ‘हॅलोवीन’ला ती म्हणू नये, कारण त्याने पाटी पूर्ण कोरी केलेली नाही; पहिला भाग राखला आहे. ‘पूर्वरंग’ नको. कीर्तनात पूर्वरंग आधी होतो आणि आख्यान उत्तररंगात येते, म्हणजे तिथे सांगण्याचा क्रमच आधीचा असतो. ‘द कॉन्ज्युरिंग’च्या फ्रँचायझीतला ‘द नन’ २०१८मध्ये आला, पहिल्या चित्रपटानंतर पाच वर्षांनी, आणि त्याने १९५२ची गोष्ट सांगितली. सांगितले नंतर, घडले आधी. त्याला ‘पूर्वकथा’ हाच शब्द लिहावा.