ग्रंथपालांसाठी व्यावसायिक दायित्व विमा: काय बघून घ्यावा?

जुनी_तालिका: मंडळी, १९ वर्षं ग्रंथालयात नोकरी केली, आता स्वतंत्रपणे कामं घेते. तालिकीकरण (पुस्तकांच्या नोंदींची सूची बनवणं), जुन्या कागदपत्रांचं स्कॅनिंग, अधूनमधून एखाद्या अभ्यासकासाठी संदर्भशोध. पहिल्याच मोठ्या कराराच्या मसुद्यात 'व्यावसायिक दायित्व विम्याची प्रत जोडावी' असं कलम निघालं. नोकरीत हा शब्द कधी कानावर आला नव्हता. पुस्तकं लावणाऱ्या बाईवर दावा कोण लावणार? कुणी घेतला असेल तर सांगा.

पिवळं_पान: तुमच्या कामातल्या चुकीमुळे कुणी भरपाई मागितली तर ती भरायला हा विमा असतो. नोकरीत कानावर आला नाही, कारण तेव्हा कामाच्या ओघात झालेल्या चुकीची भरपाई सहसा संस्थेकडे मागितली जायची. आता संस्थाही तुम्हीच. चुकीचा संदर्भ दिला म्हणून दावा होणं फार क्वचित. खरी धास्ती दुसरीकडे आहे: स्वामित्वहक्क संपलेला नसताना पुस्तक स्कॅन करून इंटरनेटवर चढवणं, वाचकांच्या नोंदी बाहेर फुटणं, दुसऱ्याचं हस्तलिखित तुमच्याकडे असताना फाटणं. आणि नेमक्या याच गोष्टी साध्या पॉलिसीत बऱ्याचदा वगळलेल्या असतात! आधी अपवादांचं पान वाचा. रक्कम नंतर.

बिनकाठीचा_शिपाई: पिवळं_पान यांना +१. माझी फजिती सांगतो. हा विमा बहुतेक वेळा 'दावा कधी आला' यावर चालतो, 'चूक कधी झाली' यावर नाही. मी स्वस्त मिळतंय म्हणून कंपनी बदलली. नव्या पॉलिसीत पूर्वलक्षी तारीख (जिच्या आधीच्या कामातल्या चुकांना संरक्षण नसतं ती) त्याच दिवसाची घातली होती, आणि मी ती न वाचता सही ठोकली. पुढे जुन्या एका सूचीतल्या चुकांबद्दल नोटीस आली. जुनी कंपनी म्हणे पॉलिसी संपली, नवी म्हणे काम आधीचं. वकिलाची फी खिशातून गेली. कंपनी बदला, पण जुनी पूर्वलक्षी तारीख पुढे चालू ठेवून घ्या, आणि तेही लेखी.

जुनी_तालिका: बाप रे. म्हणजे काम वर्षभरात संपलं की पॉलिसी बंद करून चालणार नाही?

बिनकाठीचा_शिपाई: नाही ना. काम थांबलं तरी दावा मागाहून येऊ शकतो. त्यासाठी काही काळाचं वाढीव संरक्षण वेगळं विकत मिळतं. ते आत्ताच विचारून ठेवा, निघताना घासाघीस जमत नाही.

कोपऱ्यातला_वाचक: ब्लॉग लिहिणाऱ्या ग्रंथपालांनी अब्रूनुकसानीचं कलमही तपासावं. एका ग्रंथपालाने २०१० मध्ये एका प्रकाशनसंस्थेच्या पुस्तकांच्या दर्जावर टीका करणारा लेख लिहिला. पुढे तो कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात रुजू झाला. २०१२ मध्ये प्रकाशनसंस्थेने त्याच्यावर आणि विद्यापीठावर ३० लाख डॉलरहून मोठा दावा लावला. लेख लिहिला तेव्हा तो तिथे नोकरीलाही नव्हता! ग्रंथालयांच्या जगात बराच निषेध झाला आणि २०१३ मध्ये संस्थेने तो दावा मागे घेतला. पण तोवरचा मनस्ताप कोण भरून देणार?

पिवळं_पान: रकमेबद्दल दोनच गोष्टी. बचावाचा खर्च (वकील, कोर्ट) विम्याच्या रकमेतूनच जातो की वरून मिळतो, हे विचारा. आतून जात असेल तर भरपाईला हातात कमी उरतं. आणि प्रत्येक दाव्यात पहिला किती हिस्सा तुमचा, तेही बघा.

अजून एक. आपल्याला चूक दिसली की लगेच माफीचं पत्र लिहायची सवय असते. विमा असताना ते करू नका. कुरबुर ऐकू आली, की दाव्याची वाट न बघता आधी विमा कंपनीला कळवा. त्यांना न विचारता लेखी कबुली दिलीत तर संरक्षण अडू शकतं. (मला हे अजून जड जातं.)

जुनी_तालिका: सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली. पॉलिसीचा मसुदा वाचला. 'ताब्यातील वस्तूंचे नुकसान' सरळ वगळलंय, आणि माझं निम्मं काम तर हस्तलिखितांचं! त्याचा वेगळा विमा घ्यावा लागेल का?

पिवळं_पान: हो, किंवा हस्तलिखितं काम देणाऱ्या संस्थेच्याच इमारतीत, त्यांच्याच माणसासमोर स्कॅन करा. वस्तूंचा विमा त्यांच्याकडे आहे का, आणि त्यात तुमचं काम धरलंय का, एवढं लेखी मागून घ्या. आणि सुरू करण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढा, आधीपासून फाटलेली पानं तुमच्या नावावर यायला नकोत.

जुनी_तालिका: फोटोंचं सुचलंच नव्हतं. उद्याच कॅमेरा काढते.