अंथरूण पुरेना असा पाय

गणितातल्या ‘पाय’वरच्या (π, म्हणजे वर्तुळाचा परीघ भागिले व्यास) कोट्या इंग्रजीतच जमतात, कारण तिकडे त्याच उच्चाराचा खायचा पदार्थ आहे, हे काही पटलं नाही बुवा. आपल्याकडे तर अख्खा पाय आहे, तोही म्हणींसकट! अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. पण हा पाय पडला अपरिमेय, दशांशचिन्हानंतर संपतच नाही. एवढं अंथरूण आणायचं कुठून? शाळेत आम्ही ३.१४ वर थांबायचो, त्याला ‘काढता पाय घेणं’ म्हणायचो. २२/७ घेतलं तर उत्तर खऱ्यापेक्षा साधारण ०.००१३ ने जास्त. म्हणजे पायापेक्षा चप्पल मोठी. फटक फटक वाजते, पण घरापर्यंत पोचवते.

आणि १४ मार्चच्या ‘पाय दिना’चं कौतुक अमेरिकेला, ते महिना आधी लिहितात, म्हणजे ३/१४. आपण तारीख आधी लिहितो, तेव्हा आपला हक्काचा दिवस २२/७, म्हणजे २२ जुलै. (ऐन पावसात, म्हणजे चिखलाचे पाय!) बाकी आर्यभटाने ६२८३२/२००००, म्हणजे ३.१४१६ इतकं नेमकं उत्तर देऊनही त्याला ‘आसन्न’, म्हणजे जवळपासचंच म्हटलंय. धरावेत तर अशा माणसाचे पाय.