कुत्र्याला घेऊन डोंगर चढलाय का? सातारा-सांगलीकरांनो, अनुभव लिहा

रविवारी पहाटे मी बूट हातात घेतले की आमचा शेरू आधीच जिन्यात जाऊन बसलेला असतो. मागच्या महिन्यात त्याला संगम माहुलीला नेलं. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर शिवाजी महाराजांचे नातू छत्रपती शाहू यांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. वाघाच्या शिकारीत त्याने महाराजांचा जीव वाचवला म्हणतात. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने लिहून ठेवलंय की महाराजांनी त्याला जहागिरीची सनद दिली, पालखीचाही मान दिला. शेरूने समाधी हुंगून मागचा पाय उचलायच्या बेतात असतानाच मी साखळी ओढली, नाहीतर शोभा झाली असती.

कुत्र्याला पालखी मिळालेल्या या मुलखात आज त्याला घेऊन कुठल्या रानवाटेने जावं? तुम्ही कुठे गेलात, काय पाहिलं, काय फसलं, लिहा.

शाहूपुरी, सातारा
आम्ही रोज अजिंक्यतारा किल्ल्यावर. दरवाजापर्यंत डांबरी रस्ता आहे, पण झाडीतली पायवाट धरा, पंजे भाजत नाहीत. अडचण एकच, वरची भटक्या कुत्र्यांची टोळी. आपलं कुत्रं नवं दिसलं की सहा-सात जणं अंगावर येतात. मी काठी फक्त जमिनीवर आपटतो, तेवढ्याने पांगतात.

आमच्या बंड्याला मंगळाई बुरुजाखाली माती उकरायचं वेड. 1700 साली औरंगजेबाच्या फौजेने इथेच सुरुंग लावले होते. दुसऱ्या सुरुंगाने बुरुज ढासळला तो त्यांच्याच माणसांवर. बंड्याला हे सांगून पाहिलं, ऐकत नाही.

मिरज
दंडोबाच्या डोंगरावर जा. भोसे गावावरून वर जंगलखात्याची चांगली झाडी आहे. देऊळ कातळात कोरलेलं, आत गारवा. आम्ही आळीपाळीने दर्शन घेतो, एकजण बाहेर राणीला धरून थांबतो. पुजाऱ्यांना आधी विचारलं, त्यांनी पायरीशी बसवायला सांगितलं, विषय संपला. न विचारता आत घुसणाऱ्यांमुळेच पुढच्याला हाकललं जातं. पाणी मात्र घरूनच न्या. आमच्या दुष्काळी पट्ट्यात फेब्रुवारीनंतर डोंगरावर कुत्र्याला पाजायला थेंब मिळेलच असं धरू नका.

कडेगाव
सागरेश्वर अभयारण्यात कुत्रं नेता येत नाही, फेरा वाचवा. आणि ते बरोबरच आहे. हे जंगल आपोआप उगवलेलं नाही. उघड्याबोडक्या डोंगरावर धों. म. मोहित्यांनी लोकांना घेऊन झाडं उभी केली, मग 1985 ला अभयारण्य झालं. तिथल्या हरणांमागे आपला टायगर सोडायचा? वासोटा किल्ल्याचंही तेच, तो कोयनेच्या अभयारण्यात.

कोरेगाव
फसलेलं विचारलंत म्हणून लिहिते. दिवाळीनंतर देगावकडून पाटेश्वरला गेलो. वाट सुरेख, वर पिंडीच पिंडी, एकेका पिंडीवर बारक्या पिंडी कोरलेल्या, बघताना भान राहत नाही. माझंही राहिलं नाही. चिकू वाळल्या गवतात तासभर लोळत होता. रात्री डोकं झाडायला लागला, मान एका बाजूला कललेली. मी म्हटलं कानात पाणी गेलं असेल. दोन दिवस असेच घालवले, ही माझी चूक. डॉक्टरांनी गुंगी देऊन कानातून कुसळ काढलं, पडद्यापर्यंत पोचलं होतं. कुसळ पुढेच सरकतं, मागे येत नाही. आता घरी आल्यावर आधी कान, मग बोटांच्या बेचक्या, मग काखा, आणि गोचिडांसाठी शेपटीखालीसुद्धा. दहा मिनिटं लागतात. पाटेश्वरला पुन्हा जाणार आहे, पण पावसाळ्यात, गवत हिरवं असताना. कुणी येणार का सोबत?

यवतेश्वर
अंधार पडायच्या आत खाली उतरा. बिबट्याला कुत्रं म्हणजे हाताशी आलेली शिकार, तो थेट नरडं धरतो. धनगर आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा बांधतात तो उगाच नाही. मेंढरं दिसली की लांबूनच हाळी द्या, त्यांची कुत्री आपल्या पाळीवांचे लाड करत नसतात. आणि साखळी सोडू नका हो. ‘आमचा काही करत नाही’ म्हणणाऱ्यांचीच कुत्री मी दरीच्या कडेला शोधलीयत.

वाई
आमची मोती तेरा वर्षांची, मागचे पाय गेलेत. एके काळी पांडवगड तिने माझ्याआधी गाठलाय. आता डोंगर नाही जमायचा, पण ती खंड्याची समाधी तिला दाखवावी म्हणते. शेरूवाले दादा, गाडी अगदी जवळ जाते का? नाहीतर तिला उचलून न्यावं लागेल, बावीस किलोची आहे.