सुट्टीलाच दोष नको
शहरी मतदार सुट्टी साधून लोणावळ्याला पळतो म्हणून मतदान घटतं, हे नेहमीचं म्हणणं अर्धंच पटतं. मुंबई महापालिकेला २०१२ मध्ये जेमतेम ४५ टक्के मतदान झालं, २०१७ मध्ये ५५च्या वर गेलं. लोणावळा काय मधल्या काळात हललं? २०१२ ला शिवसेना-भाजपची युती होती, २०१७ ला दोघं समोरासमोर. चुरस असली की कार्यकर्ता हलतो. दुपारनंतर मतदार यादीवर खुणा करून, मत द्यायचं राहिलेल्यांची दारं वाजवतो, हातात चिठ्ठी देतो, आजोबांना रिक्षात घालून नेतो (नियमात बसत नाही, पण सगळेच करतात). निकाल ठरलेल्या वॉर्डात केंद्राबाहेर पक्षाच्या टेबलावरची पोरं मोबाइल बघत बसतात. आणि यादीतून ज्यांची नावंच उडालीत, त्यांना कुठल्या हिशेबात आळशी धरायचं?