फवारणी पंपासारख्या साध्या वस्तूला सिस्टिम्स इंजिनिअरिंग हवं का?

आरेखक:
प्रॉडक्ट डिझाइनमध्ये एक समज घट्ट बसलाय. सिस्टिम्स इंजिनिअरिंग, म्हणजे सुटे भाग न पाहता सगळी व्यवस्था एकत्र धरून, मागण्या लिहून आणि तपासून डिझाइन करणं, हे रॉकेटला, विमानाला, फार तर मोटारीला. तीन-चार हजारांच्या वस्तूला ते परवडत नाही. मला हे अजिबात पटत नाही. पाठीवरचा बॅटरीचा फवारणी पंप घ्या. 16 लिटरची टाकी, 12 व्होल्टची बॅटरी, डायफ्रॅम पंप, नळी, लान्स (हातात धरायची फवारणीची दांडी), नोझल (तिच्या टोकाचं तुषार पाडणारं तोंड). सगळं बाजारात सुटं मिळतं, जोडलं की पंप तयार.

2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. कारणं एकात एक गुंतलेली होती: डोक्यावर गेलेली कपाशी, एकत्र कालवलेली औषधं, दमट उकाडा, अंगावर संरक्षण नाही. बारीक तुषार उडवणाऱ्या बॅटरी पंपांकडेही तेव्हा बोट दाखवलं गेलं. पंपाच्या खोक्यावर मात्र दाब, लिटर आणि चार्जिंगचे तास एवढंच असतं.

सिस्टिम्स इंजिनिअरिंग सुरुवातीलाच विचारतं की सिस्टिमची हद्द कुठवर. माझ्या मते ती नोझलपाशी संपत नाही. पंप वाहणारा माणूस, पिकाची उंची, वारा, हातमोजे हे सगळं हद्दीच्या आत आहे. ते आत घेतलं की ‘दाब जास्त हवा’ ही मागणी उरत नाही. ‘उंच कपाशीत थेंब पानावर बसावा, तोंडावर येऊ नये’ अशी होते. आणि ती लिहितानाच तपासणार कशी, हेही शेजारी लिहायचं.

भोसरी टूलरूम (साचे आणि पार्ट बनवणारा):
आदर ठेवून विरोध करतो. शेतकऱ्याला बसवून विचारलं तर मागण्या कळत नाहीत, वस्तू हातात दिली की कळतात. कागदपत्रांत तीन महिने घालवले आणि जूनला माल दुकानात नसला, तर वर्ष गेलं. एका मोठ्या गिऱ्हाइकासाठी आम्ही ही प्रक्रिया पाळली आहे. पार्ट पास होऊन जायचा आणि मग मागच्या तारखांनी फॉर्म भरायला सांगायचे. त्यातून पार्ट सुधारला नाही, फाइल जाड झाली. स्पेसएक्स कंपनीचं फाल्कन 1 रॉकेट तीनदा पडलं, चौथ्यांदा, सप्टेंबर 2008 मध्ये, कक्षेत गेलं. बनवा, मोडू द्या, सुधारा.

आरेखक:
तिसऱ्यांदा का पडलं ते पाहा. इंजिन नवं होतं. बंद झाल्यावरही त्यात थोडा जोर शिल्लक राहिला, सुटलेला खालचा टप्पा पुढे सरकला आणि वरच्यावर आदळला. दोष दोन भागांच्या मधल्या वेळेत होता. पंपातही तेच होतं. मोटर बदलून दाब वाढवला आणि नोझल जुनंच ठेवलं, तर थेंब बारीक होतो आणि वाऱ्यावर जातो. मोटरवाल्याची चाचणी पास, नोझलवाल्याची पास, धुकं मात्र माणसाच्या नाकात.

भोसरी टूलरूम:
मग त्यांनी काय केलं? सुटण्याआधीची वेळ वाढवली आणि दोन महिन्यांच्या आत पुन्हा उडवलं. माझाच मुद्दा.

आरेखक:
त्या रॉकेटात माणूस नव्हता. आपल्या पंपाची पहिली चाचणी मजुराच्या अंगावर होते.

कपाशीवाली (कृषी पदवीधर, विदर्भ):
तुम्ही दोघं ‘शेतकरी’ म्हणताय, पण पंप विकत घेतो मालक आणि पाठीवर घेतो मजूर. बऱ्याच ठिकाणी मजुरी किती टाक्या फवारल्या त्यावर ठरते, म्हणजे टाकी जितकी लवकर रिकामी तितकं दोघांनाही बरं. जास्त दाबाची मागणी इथून येते. ती नुसती लिहून घेतलीत तर चुकीचाच पंप नीट बनवाल.

शेतात काय होतं ते सांगते. नोझलमध्ये कचरा अडकला की माणूस ते काढून तोंडाने फुंकतो. रबरी मोज्यांत झाकणाचा आटा बसत नाही, म्हणून मोजे काढतो. झाकण तिरपं बसलं की वाकल्यावर औषध मानेवरून पाठीत उतरतं, आणि तोच शर्ट संध्याकाळपर्यंत अंगावर. ‘संरक्षक किट घाला’ असं पत्रकात छापून जबाबदारी संपत नाही. आश्विनातल्या उन्हात ते किट कोणी घालत नाही.

भोसरी टूलरूम:
फुंकण्याचं खरंच डोक्यात नव्हतं. लान्सला एक छोटा ब्रश आणि जादा नोझल अडकवता येईल, खर्च नगण्य. पण ताई, हे तुमच्या चार ओळींनी कळलं. त्याला प्रक्रिया कशाला? डिझाइनरने एक दिवस शेतात जावं.

आरेखक:
जाणारा माणूस पुढच्या वर्षी नोकरी सोडतो. परचेसवाला म्हणतो, हा ब्रश कशाला, काढा. स्वस्त मोटर मिळते, घ्या. दाब इतकाच का ठेवला होता हे कुठेच लिहिलेलं नसतं. प्रत्येक मागणीमागचं कारण लिहायचं ते यासाठी.

भोसरी टूलरूम:
मग एका पानात बसवा. शॉपफ्लोअरवर लावतो. दुसरं पान कोणी वाचणार नाही. आणि थेंब मोजायला लेझरचं यंत्र सांगू नका, ते आम्हाला झेपणारं नाही.

आरेखक:
लेझर नको. पाण्याच्या थेंबाने निळा होणारा पिवळा कागद मिळतो. त्याचे तुकडे पानांवर, टोपीवर, छातीवर आणि मास्कवर लावा, टाकीत साधं पाणी भरा आणि उंच पिकात फवारा. छातीवरचा कागद निळा झाला की पंप नापास, दाब कितीही येवो.

भोसरी टूलरूम:
ही चाचणी मान्य. पण टाकीचा मोल्ड मी त्याआधीच कापायला घेणार. टाकीचा आणि थेंबाचा काही संबंध नाही, आणि हंगाम थांबत नाही.

कपाशीवाली:
झाकणाचा आटा टाकीच्याच मोल्डमध्ये असतो ना? मग मोल्ड थांबवा. आधी मोजे घालून झाकण लावून बघा.